'निबंध लिहा' : काशीतील लेखनशिक्षणाचा इतिहास आणि प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमाची निवड

पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाबरोबरच भाषेचा एखादा अभ्यासक्रम निवडावा लागतो. मुख्य विषयाची निवड घरात, मित्रांत, शिक्षकांत चर्चिली जाते. भाषेच्या रकान्यात मात्र बहुधा घाईने खूण केली जाते. वाराणसीत ही खूण करणारा विद्यार्थी अनेकदा घरी भोजपुरी बोलतो, शाळेत हिंदी लिहीत आलेला असतो आणि नोकरीच्या विचाराने इंग्रजीकडे पाहत असतो. ब्रह्माघाट-दुर्गाघाट परिसरातील मराठी घराण्यांतून येणाऱ्याच्या बाबतीत त्यात मराठीची भर पडते. त्यामुळे ही निवड म्हणजे भाषेची निवड, असा समज दृढ झाला आहे. इंग्रजी घेतली तर लाभ कोणता, हिंदी घेतली तर गुण किती, मराठी घेऊन उपयोग काय, या प्रश्नांभोवतीच विचार फिरतो.

काशीच्या इतिहासाकडे पाहता या प्रश्नाची मांडणीच तपासून घ्यावी लागते. या नगरीत गेली चार शतके लेखनाचे शिक्षण निरनिराळ्या रूपांत चालू आहे. ते कोठे फळले आणि कोठे कोमेजले याचा शोध घेतला असता भाषेच्या नावापेक्षा एक वेगळीच बाब निर्णायक ठरल्याचे दिसते. विद्यार्थ्याने लिहिलेले कोणी वाचले काय, त्याला सकारण उत्तर दिले काय आणि ते पुन्हा लिहिण्याची संधी त्याला मिळाली काय, ही ती बाब होय. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काशीतील लेखनशिक्षणाचे काही टप्पे तपासले आहेत.

१. 'निबंध' या शब्दाची पूर्वपीठिका

आज वर्गात 'निबंध लिहा' असे सांगितले जाते तेव्हा त्या शब्दामागील जुना अर्थ कोणाच्या मनात नसतो. धर्मशास्त्राच्या परंपरेत निबंध म्हणजे निरनिराळ्या स्मृती, पुराणे व पूर्वसूरींची मते एकत्र आणून, त्यांतील विरोधाचा परिहार करून निर्णय देणारा ग्रंथ. कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' हा 1612 मध्ये काशीत पूर्ण झालेला ग्रंथ या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. कमलाकरभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे. त्यांचे पणजोबा रामेश्वरभट्ट काशीस येऊन स्थायिक झाले आणि आजोबा नारायणभट्ट यांनी या घराण्याचा विद्वत्तेचा लौकिक प्रस्थापित केला.

या अर्थाच्या निबंधात लेखकाच्या भावनेला किंवा कल्पनेला फारसे स्थान नव्हते. परंतु एक शिस्त होती. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडणे, प्रमाण कोणते ते सांगणे, विरोध दाखवणे आणि मग निर्णय करणे ही ती शिस्त. तिच्या जोडीला शास्त्रार्थाची प्रथा होती. विद्यार्थ्याने केलेले विधान भर सभेत तपासले जाई व उत्तर न आल्यास त्याचा पक्ष पडे. म्हणजे युक्तिवाद रचण्याचे शिक्षण काशीत पूर्वीपासून होते आणि त्यात प्रतिवादी गृहीत होता. हे शिक्षण मुख्यतः संस्कृतात आणि मुख्यतः मौखिक होते. रोजच्या बोलीतून गद्य लिहिण्याचा प्रश्न त्यात उद्भवत नव्हता. तो एकोणिसाव्या शतकात उद्भवला.

२. बॅलंटाइन यांचा वर्ग

जोनाथन डंकन यांच्या पुढाकाराने 1791 मध्ये काशीत संस्कृत पाठशाळा स्थापन झाली. 1840च्या दशकाच्या मध्यास जेम्स रॉबर्ट बॅलंटाइन यांनी तिची सूत्रे हाती घेतली. युरोपीय ज्ञान पंडितांपुढे न्यायशास्त्राच्या परिभाषेतून मांडावे, या विचाराने त्यांनी अनेक प्रयोग केले. या महाविद्यालयात मराठी घराण्यातील विद्वानही होते. 1842 मध्ये तेथे अध्यापक म्हणून आलेले बापूदेव शास्त्री हे त्यांतील विशेष नाव. त्यांनी ज्योतिष व गणित शिकवले, आणि बीजगणितावरील पाठ्यपुस्तक हिंदीतून लिहिले.

बॅलंटाइन यांच्या प्रयोगांपैकी 1847च्या सुमारास घडलेला एक प्रसंग लेखनशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. इंग्रजी शिकणाऱ्या संस्कृत विद्यार्थ्यांचे हिंदी लेखन त्यांना असमाधानकारक वाटले. तेव्हा त्यांनी या विद्यार्थ्यांना निबंधाचा विषय दिला : रोज जी भाषा तुम्ही बोलता तिच्या जोपासनेविषयी तुम्हांला तुच्छता का वाटते? विद्यार्थ्यांचे उत्तर अनपेक्षित होते. युरोपीय लोक 'हिंदी' म्हणतात ते नेमके काय हेच आपल्याला उमगत नाही, अशी त्यांची भूमिका होती. बोली शेकडो आहेत, त्या सर्वांचा त्या नावावर सारखाच हक्क आहे आणि संस्कृताप्रमाणे येथे काही प्रमाण ठरलेले नाही. फारसी-अरबी शब्द वगळणे म्हणजे शुद्ध हिंदी, असे म्हटले तर कोणता शब्द कोठून आला हे ओळखण्यासाठी आधी त्या भाषा शिकाव्या लागतील. बॅलंटाइन यांनी त्यावर पंडितांना त्यांच्या कर्तव्याची आठवण दिली. राष्ट्रभाषा घडवण्याचे काम खेडुतांवर न सोपवता पंडितांनीच प्रमाण वाङ्मय निर्माण करून बोलींची विविधता दूर करावी, असा त्यांचा आशय होता.

हिंदी-उर्दू वादाच्या इतिहासकारांनी या प्रसंगाची नोंद पुष्कळदा घेतली आहे. परंतु त्याकडे लेखनाचा वर्ग म्हणून पाहिले तर त्याचा आणखी एक अर्थ लागतो. विद्यार्थ्यांचे हिंदी कच्चे असेल. त्यांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. प्रश्नातील गृहीतच तपासायला घ्यावे, ही न्यायशास्त्राने दिलेली सवय त्यांनी परक्या लेखनप्रकारात उतरवली. शिक्षकाने तो निबंध खरोखर वाचला, त्यातील मुद्द्याला उत्तर दिले आणि तो संवाद नोंदवून ठेवला. उत्तर पटण्याजोगे होते की नाही हा प्रश्न वेगळा. विद्यार्थ्याचे लेखन हे उत्तर देण्याजोगे विधान आहे, असे येथे मानले गेले. पुढील काळात हीच बाब दुर्मिळ होत गेली.

३. वर्गाकडून प्रश्नपत्रिकेकडे

1857 मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेली ही विद्यापीठे प्रारंभी स्वतः शिकवत नसत, परीक्षा घेत. काशीचे क्वीन्स कॉलेज आधी कलकत्त्याच्या आणि 1887 नंतर अलाहाबादच्या परीक्षांशी जोडले गेले. लेखनशिक्षणावर या व्यवस्थेचा परिणाम खोल झाला. 'रचना' ही वर्गात करण्याची गोष्ट न राहता प्रश्नपत्रिकेतील एक घटक बनली. विद्यार्थ्याचा निबंध दूरच्या परीक्षकाकडे जाई. परत येई तो फक्त गुणांचा आकडा.

भाषेच्या स्थानाविषयी मात्र या काळात मोठे वाद झाले. मुंबई विद्यापीठात सुरुवातीच्या वर्षांत मराठीला असलेले स्थान 1860च्या दशकात गेले. ते परत मिळवण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले आणि 1901 मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, एम. ए.च्या पातळीवर देशी भाषांना प्रवेश मिळाला. कलकत्ता विद्यापीठाने आशुतोष मुखर्जी यांच्या कारकिर्दीत, 1906च्या नियमांन्वये, देशी भाषेतील रचनेची परीक्षा सक्तीची केली. हे दोन्ही विजय महत्त्वाचे आहेत. पण ते भाषेला परीक्षेत स्थान मिळवून देणारे विजय होते. त्या भाषेत लिहायला कसे शिकवावे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

अमेरिकेतील समकालीन घडामोडींशी तुलना येथे उद्बोधक ठरेल. हार्वर्डने 1874 मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी लेखनाचा समावेश केला आणि 1885 मध्ये लेखनाचा अभ्यासक्रम पहिल्या वर्षात आणला. बॅरेट वेंडेल यांनी तेथे विद्यार्थ्यांकडून रोज एक छोटे टिपण लिहून घेण्याची रीत रूढ केली. तेथेही तक्रारी होत्याच; 1892च्या समितीने विद्यार्थ्यांच्या लेखनाविषयी कठोर अभिप्राय दिला आणि त्याचे खापर शाळांवर फोडले. तरीही एक भेद लक्षणीय आहे. तेथील पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यार्थ्याच्या नियमित लेखनावर व त्या लेखनाच्या वाचनावर उभा होता. भारतीय विद्यापीठांतील अनिवार्य भाषेचा अभ्यासक्रम नेमलेल्या पुस्तकांवर उभा राहिला. विद्यार्थी लेखक म्हणून वर्गात येण्याऐवजी उताऱ्याचा वाचक व संदर्भासह स्पष्टीकरण देणारा म्हणून आला.

४. महाविद्यालयाबाहेरची पाठशाळा

विद्यापीठाने सोडलेले हे काम नियतकालिकांनी व सभांनी उचलले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' 1874 मध्ये सुरू झाली आणि तिचा पहिला निबंधच मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीविषयी होता. इंग्रजी शिकून बाहेर पडलेल्या तरुणाला मराठीत विचार मांडता यावा, ही त्यामागील निकड होती. काशीत भारतेंदु हरिश्चंद्रांची 'कविवचनसुधा' त्याआधीच निघत होती, आणि 1873पासून हिंदीला नवे वळण लागले अशी नोंद भारतेंदूंनी स्वतःच करून ठेवली आहे. दोन प्रांतांत जवळजवळ एकाच वेळी गद्याने वळण घेतले.

या दोन प्रवाहांची प्रत्यक्ष भेटही झाली. चिपळूणकरांच्या निबंधांचा गंगाप्रसाद अग्निहोत्री यांनी केलेला अनुवाद 'निबंधमालादर्श' या नावाने हिंदीत आला. महावीरप्रसाद द्विवेदी यांनी बेकनचे निबंध 'बेकन-विचार-रत्नावली'त आणले. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या इतिहासात या दोन अनुवादांचा निबंधाची वाट दाखवणारे ग्रंथ म्हणून उल्लेख केला. मात्र त्यामागून अनुवादकांच्या हातून तशा प्रकारचे स्वतंत्र निबंध येतील ही आशा फळली नाही, असेही त्यांनी नमूद केले आहे. लेखनशिक्षणाच्या दृष्टीने शुक्लांचा हा अभिप्राय मार्मिक आहे. उत्तम नमुना समोर असणे आवश्यक असले तरी तेवढ्याने लेखक घडत नाही.

तो कसा घडतो याचे उत्तर त्याच काळातील दुसऱ्या घडामोडीत मिळते. 1893 मध्ये क्वीन्स कॉलेजच्या परिसरातील श्यामसुंदरदास, रामनारायण मिश्र व शिवकुमार सिंह या विद्यार्थ्यांनी नागरीप्रचारिणी सभेची स्थापना केली. विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी उभे केलेले हे लेखन-वाचनाचे व्यासपीठ होते. सभेच्या अनुमोदनाने 1900 मध्ये अलाहाबादहून 'सरस्वती' मासिक निघाले आणि 1903 मध्ये द्विवेदी त्याचे संपादक झाले. रेल्वेतील नोकरीच्या काळात त्यांनी मराठीचा परिचय करून घेतला होता. 'सरस्वती'कडे आलेले लेख ते ओळीओळीने दुरुस्त करत. त्यांच्या दुरुस्त्या असलेली हस्तलिखिते सभेच्या संग्रहात जमा झाली, हे अभ्यासकांचे भाग्य. या पानांवर वाक्यरचना बदललेली, लिंगवचन सुधारलेले, फापटपसारा छाटलेला दिसतो. मैथिलीशरण गुप्तांसारख्या नवोदितांना याच लेखणीने वळण लावले. महाविद्यालयात जे शिक्षण मिळाले नाही ते टपालाने मिळाले.

या दुरुस्तीचे गुणगान करताना तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बोलींतील शब्द व वळणे प्रमाणाच्या नावाखाली छाटली गेली. बॅलंटाइन यांच्या विद्यार्थ्यांनी विचारलेला प्रश्न, की प्रमाण कोणी व कशावरून ठरवावे, येथे न सुटताच मागे पडला. पण दुरुस्ती करणाऱ्यालाही जाब विचारता येत होता. 1905 मध्ये द्विवेदींनी 'भाषा और व्याकरण' या लेखात 'अनस्थिरता' हा शब्द वापरला, तेव्हा 'भारतमित्र'चे संपादक बालमुकुंद गुप्त यांनी त्यावर टीकेची झोड उठवली आणि वाद दीर्घकाळ गाजला. त्या वादात व्यक्तिगत कटुता पुष्कळ होती. तरी दुरुस्तीला कारण द्यावे लागते आणि त्या कारणाचा प्रतिवाद होऊ शकतो, हे तत्त्व त्यातून सार्वजनिक झाले. शास्त्रार्थाची जुनी प्रथा जणू छापील पानावर आली. व्यवस्थित व्याकरणाची निकडही वाढली. कामताप्रसाद गुरू यांचे 'हिंदी व्याकरण' सभेने 1920 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच्या रचनेत गुरूंनी मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'चा आधार घेतला. काशीत प्रमाण हिंदी घडत असताना मराठीचा हात असा अनेक ठिकाणी दिसतो.

या परंपरेतील सर्वांत बोलके उदाहरण बाबूराव विष्णु पराडकर यांचे. 1883 मध्ये काशीतील मराठी कुटुंबात जन्मलेले पराडकर पुढे 'आज' या 1920 मध्ये निघालेल्या दैनिकाचे संपादक झाले आणि हिंदी वृत्तपत्रीय भाषेचे शिल्पकार ठरले. त्यांचे मामा सखाराम गणेश देउसकर हेही मराठी. पण त्यांचे 'देशेर कथा' (1904) हे पुस्तक बंगालीत आहे आणि पराडकरांनी ते हिंदीत आणले. एका मराठी कुटुंबाच्या दोन पिढ्यांनी दोन वेगळ्या भाषांत गद्य घडवले. घरची भाषा, लेखनाची भाषा आणि अनुवादाची भाषा यांचे नाते किती लवचीक असू शकते, याचा हा पुरावा. पराडकरांची पाठशाळा वृत्तपत्राची कचेरी होती. तेथे लिहिलेले त्याच दिवशी वाचले जाई व दुसऱ्या दिवशी वाचकांसमोर येई.

५. विद्यापीठातील एक अपवाद आणि पुढील ओहोटी

काशी हिंदू विश्वविद्यालयाचा पाया 1916 मध्ये घातला गेला. 1921 मध्ये श्यामसुंदरदास तेथे हिंदी विभागाचे प्रमुख झाले. शुक्ल त्याआधीच अध्यापनात होते. सभेच्या व्यासपीठावर घडलेली माणसे अशा रीतीने विद्यापीठात आली. शुक्लांच्या 'हिंदी साहित्य का इतिहास' (1929) या ग्रंथामागे विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली टिपणे होती, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. वर्गाच्या गरजेतून ग्रंथ निर्माण होणे हे जिवंत अध्यापनाचे लक्षण होय. परंतु शुक्लांचे निबंध पुढे पाठ्यपुस्तकांत गेले तेव्हा त्यांचेही तेच झाले, जे सर्व नमुन्यांचे होते. विद्यार्थी त्यांचा सारांश लिहू लागले. त्यांच्यासारखा युक्तिवाद रचण्याचा सराव अभ्यासक्रमात आला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात अनिवार्य भाषेचा अभ्यासक्रम जवळजवळ सर्व भारतीय विद्यापीठांत याच वळणाने गेला. त्यामागे शिक्षकांची अनास्था एवढेच कारण देणे अन्यायाचे ठरेल. उदाहरणादाखल साठ विद्यार्थ्यांचा वर्ग घ्यावा. सत्रात प्रत्येकाने सात निबंध लिहिले आणि प्रत्येक निबंधाला पंधरा मिनिटे दिली, तर केवळ वाचनाला 105 तास लागतात. प्रत्यक्ष तासिका मात्र सुमारे तीस असतात. वाचनाचे हे श्रम कार्यभारात मोजलेच जात नाहीत. जे मोजले जात नाही ते हळूहळू केले जात नाही, आणि मग लेखनाची जागा लघुत्तरी व बहुपर्यायी प्रश्न घेतात.

६. आजची निवड

2015च्या निवडाधारित श्रेयांक पद्धतीत इंग्रजी किंवा आधुनिक भारतीय भाषेतील संप्रेषण हा अनिवार्य क्षमतावर्धक अभ्यासक्रम झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात क्षमतावर्धनासाठी आठ श्रेयांक ठेवण्यात आले. चार वर्षांच्या पदवीचे एकूण श्रेयांक 160 आहेत. आधुनिक भारतीय भाषा व इंग्रजी या दोन्हींत प्रावीण्य अपेक्षित आहे आणि चिकित्सक वाचन व शैक्षणिक लेखन यांचा उल्लेख उद्दिष्टांत आहे. कागदावर ही संधी मोठी आहे. ती वाया जाईल की नाही हे भाषेच्या नावावर ठरणार नाही.

इतिहासाच्या आधारे निवडीच्या चार कसोट्या सांगता येतात. पहिली, सत्रात विद्यार्थ्याला स्वतःचे किती लेखन करावे लागते. केवळ नेमलेले उतारे वाचायचे असतील तर तो साहित्याचा परिचय होईल, लेखनाचा अभ्यासक्रम होणार नाही. दुसरी, लिहिलेले परत मिळते काय आणि त्यावर गुणांशिवाय काही लिहिलेले असते काय. तिसरी, दुरुस्तीचे कारण विचारता येते काय. विद्यार्थ्याला प्रतिवाद करता येत नसेल तर तो शिक्षकाची आवड गिरवायला शिकेल. चौथी, तोच मजकूर दुसऱ्यांदा लिहिण्यास वाव आहे काय. या चारही गोष्टी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून, मागील वर्षाच्या वह्यांवरून व पहिल्या दोन आठवड्यांच्या तासिकांवरून जाणून घेता येतात. माहितीपुस्तिकेवरून त्या कळत नाहीत.

या कसोट्या लावल्या तर काही प्रचलित समज डळमळतात. भोजपुरी घरातील विद्यार्थ्याने इंग्रजीचा अभ्यासक्रम घेतला आणि तेथे सत्रभर एकही परिच्छेद स्वतः लिहिला नाही, तर त्याच्या हाती प्रमाणपत्र पडेल, इंग्रजी लेखन येणार नाही. उलट हिंदीच्या किंवा मराठीच्या लहान वर्गात त्याला सहा वेळा लिहावे व पुन्हा लिहावे लागले, तर युक्तिवादाची ती सवय तो पुढे इंग्रजीतही नेऊ शकेल. बॅलंटाइन यांच्या विद्यार्थ्यांनी संस्कृतातील शिस्त दुसऱ्या भाषेत नेली. द्विवेदी आणि गुरू यांनी मराठीतील शिस्त हिंदीत नेली. तरीही एक मर्यादा मान्य करावी लागेल : शब्दसंपदा आणि वाक्यरूढी प्रत्येक भाषेच्या वेगळ्या असतात, आणि त्यांसाठी त्या त्या भाषेतील सराव टाळता येत नाही. म्हणून मातृभाषा की इंग्रजी या द्वंद्वापेक्षा दोहोंपैकी एका ठिकाणी तरी लेखनाचा खरा वर्ग मिळणे अधिक मोलाचे.

महाराष्ट्राबाहेरील मराठीच्या अध्यापनाला यात विशेष जबाबदारी आणि विशेष लाभही आहे. येथील वर्ग बहुधा लहान असतात. पटसंख्या कमी असणे हे विभागाच्या अस्तित्वावरचे संकट मानले जाते. लेखनशिक्षणाच्या दृष्टीने तोच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरू शकतो. पंधरा विद्यार्थ्यांचे सात निबंध वाचायला वरील हिशेबाने सव्वीस तास पुरतात. घरी मराठी बोलणारा, मराठी नव्यानेच शिकणारा आणि हिंदीतून विचार करणारा असे विद्यार्थी एकाच बाकावर असतील, तर प्रमाण कोणते आणि का, हा 1847चा प्रश्न पुन्हा विचारता येईल. त्याला तेव्हा मिळालेल्या उत्तरापेक्षा अधिक समंजस उत्तर देण्याची तयारी अशा वर्गाने ठेवली पाहिजे. त्यासाठी अभ्यासक्रम समित्यांनी वाचनाचे तास कार्यभारात धरणे आणि अंतिम परीक्षेइतकेच वजन सत्रातील पुनर्लेखनाला देणे या दोन गोष्टी प्रथम करावयास हव्यात. त्या होईपर्यंत भाषेच्या रकान्यातील खूण करण्यापूर्वी विद्यार्थ्याने एवढेच विचारावे की या वर्गात त्याचे लिहिलेले कोण वाचणार आहे.